सीमा आणि माणसे : गेझा येसेन्स्की यांची चार वर्षे

कम्युनिस्ट राजवटीनंतरच्या हंगेरीच्या पहिल्या सरकारात, मे १९९० ते जुलै १९९४ या काळात, परराष्ट्रमंत्री असलेले गेझा येसेन्स्की हे पेशाने इतिहासकार होते, आणि पंतप्रधान योझेफ अंतॉल हेही इतिहासाचेच अभ्यासक असल्याने त्या सरकारच्या शेजारधोरणावर भूतकाळाची छाया पडणे अटळ होते. ही छाया त्रियानोंच्या तहाची होती : पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर ४ जून १९२० रोजी झालेल्या या तहाने जुन्या हंगेरी राज्याचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख शेजाऱ्यांकडे गेला आणि लक्षावधी हंगेरीभाषक नव्या सीमांपलीकडे अल्पसंख्य होऊन राहिले.

आरंभ उत्साहाचा होता. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी डॅन्यूबकाठच्या विशेग्राद येथे हंगेरी, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी सहकार्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. १३३५ साली हंगेरी, बोहेमिया आणि पोलंड यांचे राजे जेथे भेटले होते तेच हे गाव असल्याने, इतिहासकारांच्या सरकारला स्थळाचा वेगळा खुलासा करण्याची गरज पडली नसावी. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सोविएत सैन्याने हंगेरी सोडली आणि जुलैत वॉर्सा करार, म्हणजे सोविएत गटाची लष्करी आघाडी, विसर्जित झाला.

येसेन्स्की यांच्या कारकिर्दीची खरी कसोटी मात्र डिसेंबर १९९१ मध्ये कीव्हला झालेल्या युक्रेनबरोबरच्या मूलभूत कराराने पाहिली. मूलभूत करार म्हणजे दोन शेजाऱ्यांमधील संबंधांची चौकट ठरवणारा तह. या तहात उभय देशांचे एकमेकांच्या भूमीवर कोणतेही दावे नाहीत आणि पुढेही नसतील, असे कलम होते, आणि त्याच्या जोडीला युक्रेनच्या पश्चिमेकडील झाकारपात्तिया प्रांतातील हंगेरीभाषकांच्या हक्कांची हमी होती. सीमा मान्य करायची आणि सीमेपलीकडच्या माणसांसाठी भाषा व शाळा मागायच्या, असा हा सौदा होता. बुडापेस्टमध्ये तो अनेकांना पचला नाही. मे १९९३ मध्ये संसदेने कराराला मान्यता दिली खरी, पण सत्ताधारी पक्षातील इश्त्वान चुर्का यांच्या गोटाने विरोधात मत दिले, आणि पक्षाची फूट त्यानंतर फार दिवस टळली नाही.

स्लोव्हाकिया आणि रोमानिया यांच्याबाबतीत मात्र ही रीत चालली नाही, कारण हंगेरीभाषकांची संख्या तेथे कितीतरी मोठी होती आणि सीमेच्या कलमावर सही करण्याची अंतॉल सरकारची तयारी त्या मानाने कमी होती; त्यातच डॅन्यूबवरील गाबचीकोव्हो-नॉद्यमॉरोश धरणप्रकल्पाचा चेकोस्लोव्हाकियाशी झालेला १९७७ चा करार हंगेरीने मे १९९२ मध्ये संपुष्टात आणला, ऑक्टोबरमध्ये पलीकडच्या बाजूने नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि अखेर तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. स्लोव्हाकियाशी मूलभूत करार १९९५ मध्ये आणि रोमानियाशी १९९६ मध्ये झाला, तेव्हा परराष्ट्र खाते अंतॉल सरकारनंतर आलेल्या समाजवादी सरकारातील लास्लो कोवाच यांच्याकडे होते. कीव्हमध्ये घातलेलीच चौकट त्या दोन्ही करारांना उपयोगी पडली, तिचे श्रेय मात्र या सरकारच्या खात्यावर जमा झाले.