बंद केलेली अणुभट्टी थंड का होत नाही?

विहिरीवरच्या इंजिनाचे डिझेल तोडले की इंजिन थांबते आणि थोड्या वेळाने गारही होते. अणुभट्टीचे तसे नाही. ती बंद करायला काही सेकंद पुरतात, पण खरे काम त्यानंतर सुरू होते. अणुवीज केंद्रावरील संकट लवकर आटोक्यात येत नाही, याचे मूळ कारण हेच आहे.

भट्टीत युरेनियमचे अणू फुटतात. त्यांच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते व वाफेवर वीज तयार होते. नियंत्रक कांड्या आत सोडल्या की अणू फुटण्याची साखळी थांबते. परंतु आधी फुटलेल्या अणूंचे तुकडे इंधनात साठलेले असतात. ते किरण सोडीत राहतात व इंधन आतून तापत राहते. ओली वैरण गंजीत रचली तर ती बाहेरून आच न लागताही तापते, हे आपण पाहतोच. कारण वेगळे, पण प्रकार तसाच.

बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. एका दिवसाने सुमारे अर्धा टक्का उरते. हे किरकोळ वाटेल, पण जपानमधील फुकुशिमाची १ नंबरची भट्टी १३८० मेगावॅट उष्णतेची होती. तिचा अर्धा टक्का म्हणजे हजार वॅटच्या जवळजवळ सात हजार शेगड्या अखंड पेटलेल्या! ती उष्णता काढायला पाणी फिरते ठेवावे लागते. त्यासाठी पंप हवा आणि पंपाला वीज हवी.

एकातून दुसरे संकट

११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच फुकुशिमाच्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज तुटली, तेव्हा डिझेल जनित्रे सुरू झाली. पाऊण तासाच्या सुमारास समुद्राची प्रचंड लाट आत शिरली व जनित्रे निकामी झाली. भट्टीत पाणी किती, हे दाखविणारी उपकरणेही बंद पडली. कामगारांनी मोटारींच्या बॅटऱ्या जोडून ती चालविली. पाणी आटून इंधन उघडे पडले. त्यावरील झिर्कोनियमचे वेष्टण तापले आणि वाफेशी संयोग होऊन हायड्रोजन वायू तयार झाला. १२ मार्चला १ नंबरच्या इमारतीत त्याचा स्फोट झाला आणि २ नंबरसाठी ओढलेली विजेची केबल खराब झाली. किरणोत्सर्गामुळे माणसांना जवळ फार वेळ थांबता येईना. शेवटी तिन्ही भट्ट्यांतील इंधन वितळले. भट्ट्या थंड झाल्याचे जाहीर करायला डिसेंबर उजाडला.

भट्टीत डोकावून पाहता येत नाही, ही आणखी एक अडचण. अमेरिकेत १९७९ साली थ्री माईल आयलंड येथे एक झडप उघडी राहिली होती. भट्टीत पाणी जास्त झाले असे समजून चालकांनी आणीबाणीचे पाणीच कमी केले, आणि इंधन वितळले.

दूध आणि वैरण

हवेत सुटलेले आयोडीन व सीझियम गवतावर बसते आणि तेथून दुधात उतरते. आयोडीनचा किरणोत्सर्ग दर आठ दिवसांनी निम्मा होतो. सीझियमला त्यासाठी तीस वर्षे लागतात. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर असे दूध प्यालेल्या मुलांत पुढे थायरॉइडचा कर्करोग वाढला. जपानमध्ये २०११ साली शेतात उघडा पडलेला भाताचा पेंढा जनावरांना घातला गेला आणि त्यांच्या मांसात सीझियम सापडले.

आपल्याकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. अशा केंद्राच्या परिसरातील कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे. सूचना मिळताच घरात जाऊन दारे-खिडक्या लावाव्यात. वेळ असेल तरच जनावरे गोठ्यात बांधावीत व विहीर, वैरण झाकावी. जनावरांना झाकलेलीच वैरण घालावी. आयोडीनच्या गोळ्या अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्याव्यात. तपासणीचा निकाल येईपर्यंत दूध मुलांना देऊ नये, डेअरीलाही घालू नये. धारेचे दूध वाया जाताना जीव तुटेल, पण ते दूध दिसायला व चवीला नेहमीसारखेच असते, हे विसरू नये.