बोगद्यातला धूर आणि ‘किमान’ कायदा

साताऱ्याकडून पुण्याला येताना कात्रजचा नवा बोगदा लागतो. लांबी एक किलोमीटरहून थोडी जास्त. वाहतूक सुरळीत असेल तर मिनिट-दीड मिनिटात आपण पलीकडे पडतो. पुढे नवले पुलापर्यंतचा उतार सुरू होतो. या उतारावरचे अपघात पुणेकरांना नवे नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने पुढच्या गाड्यांना धडक दिली, आग लागली आणि अनेकांचा जीव गेला. ती आग मोकळ्या आकाशाखाली होती, त्यामुळे धूर वर निघून गेला. अशीच आग बोगद्याच्या आत लागली तर काय होईल, याचा विचार आपण सहसा करत नाही. युरोपने तो केला, पण त्यासाठी आधी मोठी किंमत मोजली.

बोगद्यातल्या आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतात. पेटलेल्या गाडीचा धूर तापलेला असल्याने आधी छताला जाऊन भिडतो आणि छताखालून दोन्ही बाजूंना पसरत जातो. सुरुवातीची काही मिनिटे जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा उरते. मग धूर थंड होतो, खाली उतरतो आणि समोरचा हातही दिसेनासा होतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके जड होते, गोंधळायला होते, पायातले बळ जाते. पळायचे कुठे, हेच कळेनासे होते. गाड्यांमधला फोम आणि प्लास्टिक जळताना हायड्रोजन सायनाइडही तयार होतो. हवेत या वायूंचे प्रमाण जास्त असेल, तर मोजक्या श्वासांत शुद्ध हरपते.

म्हणजे वाचायचे असेल तर हाताशी असतात ती पहिली काही मिनिटे. निरोगी माणूस सेकंदाला एक मीटर चालतो असे धरले, तरी ५०० मीटर जायला आठ मिनिटांहून अधिक लागतात. धुरात तो वेग अर्ध्यावर येतो. सोबत लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल, तर विचारायलाच नको. बाहेर पडायचे दार किती अंतरावर असावे, हा प्रश्न त्यामुळे स्थापत्याइतकाच आरोग्याचाही आहे.

हे गणित युरोपला २४ मार्च १९९९ रोजी कळले. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या ११.६ किलोमीटर लांबीच्या माँ ब्लाँ बोगद्यात एक ट्रक पेटला. त्यात पेट्रोल नव्हते की रसायने नव्हती. होते मार्गारिन आणि पीठ. आग ५३ तास धुमसत राहिली आणि ३९ जण मृत्युमुखी पडले. बरेच जण आपल्या गाडीतच किंवा गाडीपासून थोड्या अंतरावर सापडले. बोगदा एकच, दोन्ही दिशांची वाहतूक त्यातूनच. अर्धा भाग एका देशाच्या कंपनीकडे, अर्धा दुसऱ्या देशाच्या कंपनीकडे. नियंत्रण कक्षही दोन. धूर बाहेर ओढण्याची गरज असताना इटलीच्या बाजूने ताजी हवा आत येत राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रियातल्या टाउएर्न बोगद्यात १२ जण गेले. ऑक्टोबर २००१ मध्ये स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड बोगद्यात ११ जण गेले. गोटहार्डला मुख्य बोगद्याशेजारी सुटकेसाठी वेगळी बोळवजा वाट होती. तिच्यातून अनेक जण निसटले, नाहीतर आकडा आणखी वाढला असता.

युरोपीय संघाने यावर काढलेले उत्तर म्हणजे २९ एप्रिल २००४ चा निर्देश. प्रमुख युरोपीय महामार्गांच्या जाळ्यावरील ५०० मीटरपेक्षा लांब बोगद्यांना तो लागू होतो. त्यातला कळीचा शब्द आहे ‘किमान’. कोणताही सदस्य देश यापेक्षा कडक नियम करू शकतो, ढिले नाही. जर्मनीतला चालक इटलीत गेला, तरी बोगद्यातली सुटकेची चिन्हे त्याला ओळखीची वाटली पाहिजेत, ही त्यामागची भूमिका.

या नियमांत वर सांगितलेले धुराचे शास्त्रच उतरले आहे. नव्या बोगद्यात जिथे सुटकेची दारे आवश्यक ठरतात, तिथे दोन दारांमधले अंतर ५०० मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. दाराकडे नेणाऱ्या पाट्या २५ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत, आणि त्या छताला नव्हे, तर भिंतीवर जमिनीपासून एक ते दीड मीटर उंचीवर हव्यात. कारण छताजवळची पाटी धुरात सर्वांत आधी दिसेनाशी होते. फोन आणि अग्निशामक नळकांडी असलेली आपत्कालीन केंद्रे नव्या बोगद्यात दर १५० मीटरवर, जुन्यात दर २५० मीटरवर. बोगदा दोन देशांत पसरलेला असला, तरी एका वेळी पूर्ण ताबा एकाच नियंत्रण कक्षाकडे. प्रत्येक बोगद्यासाठी सुरक्षा अधिकारी, आणि सुरक्षेच्या बाबतीत त्याला वरून आदेश देता येत नाहीत. सहा वर्षांच्या आत तपासणी, आणि किमान दर चार वर्षांनी प्रत्यक्ष बोगद्यात मोठी रंगीत तालीम. जुने बोगदे सुधारण्यासाठी २०१४ ची मुदत होती. ज्या देशांत बोगदे फार आहेत, त्यांना २०१९ पर्यंत सवलत मिळाली.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची रस्ते-बोगद्यांसाठी मार्गदर्शिका आहे. वायुवीजन, प्रकाशयोजना, सुटकेची वाट या सगळ्यांचा विचार तिच्यात आहे. पण ती मार्गदर्शिका आहे. एखाद्या कामाच्या करारात घातली, की त्या कामापुरते बंधन येते. सर्व बोगद्यांना, सर्व यंत्रणांना सारखाच लागू होणारा, न पाळल्यास जाब विचारणारा कायदा ही वेगळी गोष्ट. महाराष्ट्रात तर हा प्रश्न आता दाराशी आला आहे. कात्रजचा बोगदा राष्ट्रीय महामार्गावर. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा, आणि त्याच्या मिसिंग लिंकमधला एक बोगदा जवळपास नऊ किलोमीटरचा. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे बोगदे महापालिकेचे. ठाणे-बोरिवली बोगद्याचे काम एमएमआरडीएकडे. यंत्रणा चार, पण एखादे कुटुंब एका सुटीत यांतल्या दोन-तीन बोगद्यांतून जाऊन येऊ शकते. त्याच्या फुफ्फुसांना बोगदा कोणाच्या ताब्यात आहे याने काही फरक पडत नाही. माँ ब्लाँमध्ये दोन देश होते, दोन कंपन्या होत्या. धूर एकच होता.

कात्रजसारख्या जोडबोगद्याची एक जमेची बाजू आहे. प्रत्येक नळीत वाहतूक एकाच दिशेने असते. त्यामुळे पंख्यांनी धूर वाहतुकीच्या दिशेने पुढे ढकलता येतो. आगीच्या पुढे असलेल्या गाड्या निघून जातात आणि मागे अडकलेल्यांना स्वच्छ हवा मिळते. मात्र पुढे उतारावर वाहतूक तुंबली असेल, तर आगीच्या पुढच्या गाड्याही अडकतात आणि धूर त्यांच्यावरच जातो. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी वाहतूक तुंबू न देणे हा वाहतुकीचा नव्हे, जीव वाचवण्याचा नियम आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातल्या गोष्टी अशा : बोगद्यात शिरताना दिवे लावा आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. आत आग किंवा धूर दिसला आणि तुम्ही आगीच्या पुढे असाल, तर थांबू नका, बाहेर निघा. मागे असाल तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच राहू द्या. सामानाचा मोह सोडा, गाडी उलटी वळवू नका. धुरापासून दूर, जवळच्या दाराकडे किंवा आलेल्या तोंडाकडे चालत निघा, आणि वाकून चाला. मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गावर १०३३, आणि कुठूनही ११२. काचा लावून गाडीत बसून राहणे सुरक्षित वाटते. माँ ब्लाँमध्ये अनेकांना तसेच वाटले होते.

पुढच्या वेळी कात्रजच्या बोगद्यातून जाताना चालकाने नजर रस्त्यावरच ठेवावी. शेजारी बसलेल्याने मात्र भिंतीकडे पाहावे. दार कुठे आहे, पाटी किती उंचीवर आहे, दिवा लागतो आहे का, फोन आहे का? दिसले नाही, तर संबंधित यंत्रणेला एक पत्र लिहावे. युरोपने हे प्रश्न ३९ जण गेल्यावर विचारले. आपल्याला ते आधीच विचारता येतील.