इंग्रजी काव्यातील निसर्ग : पाहणारा आणि राबणारा

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तथापि निवासी शाळेत एखादे सहकारी रजेवर गेले की त्यांचा तास कोणीतरी घ्यावाच लागतो. अशाच एका तासाला आम्ही विल्यम वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरील सुप्रसिद्ध कविता शिकवीत होतो. तळ्याकाठी वाऱ्यावर डोलणारी पिवळी फुले, एकटाच हिंडणारा कवी आणि पुढे घरी निवांत पडला असता त्या फुलांच्या स्मरणाने त्याला होणारा आनंद, एवढे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या कवीला कामाला जायचं नव्हतं का?" वर्ग हसला. त्या मुलीचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात हे आम्हांस ठाऊक होते, म्हणून आम्हांस हसू आले नाही. उत्तर मात्र तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत मावण्याजोगे नव्हते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात सामान्यतः असे सांगितले जाते की, अठराव्या शतकातील कविता नगरात रमलेली व बुद्धिनिष्ठ होती आणि १७९८ साली वर्ड्‌स्वर्थ व कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह आल्यावर तिला निसर्ग गवसला. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. निसर्ग त्याआधीच्या कवितेतही होता. बदलत गेला तो निसर्गाकडे पाहणारा.

प्रथम अलेक्झांडर पोपचे उदाहरण घेऊ. त्याची गोपकाव्ये १७०९ साली प्रसिद्ध झाली. ग्रीक कवी थिओक्रिटस आणि रोमन कवी व्हर्जिल यांनी घालून दिलेल्या वाटेने जाणारी ही कविता आहे. तिच्यातील मेंढपाळांना प्राचीन नावे आहेत, ते झाडाखाली बसून प्रेमगीते गातात. मेंढ्या राखण्याचे कष्ट तेथे दिसत नाहीत. हे अनवधानाने घडलेले नव्हते. मेंढपाळाच्या जीवनातील गोड भाग तेवढा दाखवावा व दैन्य झाकावे, असे पोपने आपल्या निबंधात स्पष्टपणे सांगितले आहे. १७१३ सालच्या 'विंडसर फॉरेस्ट'मध्ये तर राजवाड्यालगतचे अरण्य हे राणी ॲनच्या राज्यातील शांततेचे व समृद्धीचे प्रतीक बनते. तेथे निसर्ग ही मालकाच्या वैभवाची शोभा आहे.

जेम्स थॉमसन या स्कॉटिश कवीने निसर्गालाच कवितेचा मुख्य विषय केले. त्याचे 'विंटर' १७२६ साली आले आणि चारही ऋतूंचे 'द सीझन्स' १७३० साली पूर्ण झाले. न्यूटनच्या प्रकाशविषयक शोधांचा त्याच्यावर खोल परिणाम होता, त्यामुळे इंद्रधनुष्य, ढग, हिमवर्षाव यांची वर्णने तो निरीक्षकाच्या नजरेने करतो. तरीही भाषा दरबारीच राहिली. माशांना मासे न म्हणता कल्लेधारी कुळ म्हणण्याची त्या काळची रीत त्याच्यातही आढळते. मात्र त्याच्या हिवाळ्यात बर्फात वाट चुकून गोठून मरणारा एक खेडूत आहे आणि घरी त्याची वाट पाहणारी बायकामुले आहेत. निसर्गचित्रात माणसाचे मरण आले, पण ते दुरून पाहिलेले.

मग स्वतः राबणाऱ्यांनी काय लिहिले? विल्टशायरमधील स्टीफन डक हा शेतमजूर खळ्यावर धान्य झोडपण्याचे काम करी. त्याच्या 'द थ्रेशर्स लेबर' या १७३० सालच्या कवितेत खळ्यातील धूळ आहे, घाम आहे आणि मालकाची बोलणी आहेत. राणी कॅरोलाइनने त्याला वर्षासन दिले. परंतु याच डकने गवतकापणीला येणाऱ्या बायका कामापेक्षा बडबड अधिक करतात, अशी थट्टा केली होती. हॅम्पशायरमधील मेरी कॉलियर या धुणे धुणाऱ्या स्त्रीने १७३९ साली 'द वूमन्स लेबर' लिहून त्याला उत्तर दिले. शेतातले काम, मुलांना सोबत घेऊन सरवा वेचणे, घरी परतल्यावर स्वयंपाक आणि पहाटेपूर्वी परक्याच्या घरचे धुणे, असा स्त्रीच्या दिवसाचा हिशेबच तिने मांडला. पुरुष मजुराला न दिसलेले स्त्री मजुराला दिसले. हे लिहून तिची परिस्थिती पालटली नाही. ती पुढेही धुण्याचेच काम करीत राहिली.

याच काळात इंग्लंडची भूमीच बदलत होती. गावाच्या सामाईक जमिनी, म्हणजे आपल्याकडील गायरानासारखे माळ व कुरणे, संसदेच्या कायद्यांनी कुंपणे घालून खासगी मालकीची केली जात होती. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले व सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. त्यांचा मोठा भर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्याच्या आरंभी होता. गरिबाची गाय चरण्याची, सरपण गोळा करण्याची जागा गेली. १७७० साली गोल्डस्मिथने ओस पडलेल्या खेड्याचा शोक केला. त्याची गतकाळाची आठवण मात्र गोड होती. जॉर्ज क्रॅब याने १७८३ सालच्या 'द व्हिलेज'मध्ये तो गोडवाही नाकारला. सफोकच्या समुद्रकाठची नापीक जमीन, पिकाला गिळणारे तण आणि निराधारांच्या घरातील मरणासन्न मजूर त्याने दाखविले.

येथे वर्ड्‌स्वर्थ येतो. सामान्य माणसांचे जीवन आणि त्यांची खरी बोली यांतून कविता घडावी, असे त्याने 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० सालच्या प्रस्तावनेत मांडले. भिकारी, मेंढपाळ, जळवा गोळा करणारा म्हातारा यांना त्याने कवितेत सन्मानाने स्थान दिले, हे त्याचे मोठेपण निःसंशय आहे. आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर : नाही, त्याला रोज कामाला जायचे नव्हते. १७९५ साली रेझली कॅल्व्हर्ट या तरुण मित्राने मृत्युपत्रान्वये त्याच्यासाठी ९०० पौंड ठेवले होते. त्यामुळे काव्यसाधनेला वेळ मिळाला. आणखी एक गोष्ट. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराकाठी ती फुले पाहिली तेव्हा तो एकटा नव्हता. बहीण डोरोथी सोबत होती आणि त्या फुलांचे सुंदर वर्णन तिने आपल्या रोजनिशीत आधीच केले होते. कवितेत मात्र ती नाही.

ज्याला कामाला जायचेच होते असा कवी म्हणजे जॉन क्लेअर. नॉर्थहॅम्प्टनशायरमधील हेल्पस्टन गावी १७९३ साली एका मजुराच्या घरी त्याचा जन्म झाला. आईला वाचता येत नव्हते. वडिलांबरोबर तो लहानपणीच खळ्यावर राबला. १८०९ साली हेल्पस्टनच्या जमिनीसाठी कुंपणाचा कायदा झाला. ज्या माळावर तो वाढला तो तुकड्यातुकड्यांत बंद झाला, आणि पोटासाठी त्याच कुंपणांच्या कामावर त्याला मजुरी करावी लागली. १८२० सालच्या त्याच्या पहिल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर नावापुढे 'शेतमजूर' अशी ओळख छापली गेली. वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या, पण संपत्तीला दोष देणाऱ्या ओळी एका उमराव आश्रयदात्याच्या आग्रहाने पुढे गाळण्यात आल्या. पक्ष्याचे घरटे कोठे असते, कशाने विणलेले असते, अंड्यांवर कसले ठिपके असतात, हे तो वाकून पाहणाऱ्याच्या जवळिकीने सांगतो. गावच्या बोलीतील शब्द तो सोडीत नाही. एका कवितेत तर कुंपणात गेलेली जमीन स्वतःच आपली कैफियत मांडते. लंडनची वाहवा लवकर सरली. आयुष्याची अखेरची बावीस वर्षे त्याने नॉर्थहॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात काढली व तेथेच १८६४ साली त्याचा अंत झाला. तेथेही तो लिहीत होता.

वर्ड्‌स्वर्थ वाचू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती फुले आम्हांसही प्रिय आहेत. परंतु निसर्गाचे वर्णन वाचताना तेथे कोण उभे आहे, ती जमीन कोणाची आहे आणि पाहण्यास फुरसत कोणाला होती, हे विचारणे म्हणजे कवितेचा अपमान नव्हे; ते तिचे अधिक पूर्ण वाचन होय.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गाला 'मी पाहिलेली पहाट' या विषयावर निबंध दिला. बहुतेकांनी पुस्तकातील कोकिळा व लाली लिहिली. त्या विद्यार्थिनीने लिहिले की, उसाच्या फडात पहाटेचे दव फार असते, त्याने आईचे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजते आणि ओल्या पानांनी हात अधिक कापतात. दव हा शब्द आम्ही असंख्य कवितांत वाचला होता. त्याने हात कापताना आम्ही प्रथमच पाहिला. वही परत देताना आम्ही तिला एवढेच सांगितले, "बाळ, हे थांबवू नकोस. लिहीत राहा."