डिस्नेची जमीन, पत्रकारांचे प्रश्न

नोव्हेंबर २०१७ च्या सुरुवातीला ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने वाचकांना कळवलं की, सणासुदीच्या मोसमातल्या नव्या चित्रपटांचा या वर्षीचा आढावा अपुरा असेल, कारण डिस्नेने वृत्तपत्राच्या समीक्षकांना प्रेस शोची दारं बंद केली आहेत. वरवर पाहता हा चित्रपटसृष्टीतला नेहमीचा रुसवा-फुगवा वाटतो. पण कंपनीला राग आला होता तो कुठल्याही परीक्षणाचा नव्हे. सप्टेंबरमध्ये डॅनियल मिलर या वार्ताहराने अ‍ॅनाहाइम शहर आणि तिथलं डिस्नेलँड यांच्यातल्या आर्थिक व्यवहारांवर मालिका लिहिली होती आणि शिक्षा झाली ती त्याच वृत्तपत्राच्या चित्रपट विभागाला. डिस्ने आणि पत्रकार यांच्या भांडणांचं मूळ या एका प्रसंगात स्पष्ट दिसतं. चित्रपट कुठेही काढता येतो आणि कुठेही दाखवता येतो. थीम पार्क मात्र जमिनीला खिळलेलं असतं. त्याला एकगठ्ठा जमीन, रस्ते, पाणी आणि करसवलती लागतात, शिवाय मर्जीतलं स्थानिक सरकारही लागतं. या सगळ्या गोष्टी लोकांच्या मालकीच्या असतात, त्यामुळे त्यांचा हिशेब मागणारा कोणीतरी येणारच. डिस्नेची पत्रकारांशी झालेली मोठी भांडणं पडद्यावरच्या गोष्टींवरून क्वचितच झाली आहेत. त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा पार्कच निघतं.

अ‍ॅनाहाइमचा पार्किंगचा व्यवहार बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘मिकी अँड फ्रेंड्स’ ही तिथली बहुमजली पार्किंगची इमारत. तीत दहा हजारांहून अधिक गाड्या मावतात. शहराने कर्जरोखे काढून ती दहा कोटी डॉलरहून अधिक खर्चाने बांधली आणि डिस्नेला वर्षाला एक डॉलर भाड्याने दिली. तिथे गाडी लावणाऱ्याकडून घेतलेले पैसे कंपनीच्या तिजोरीत जातात आणि कर्ज फिटलं की इमारतही कंपनीचीच होणार, असा करार १९९६ साली झाला. मालिकेने असे अनेक व्यवहार मांडले. तिकिटांवर शहराने कर लावू नये म्हणून मिळवलेलं दीर्घ मुदतीचं अभय त्यात होतं, आलिशान हॉटेलासाठीची करसवलत होती आणि नगर परिषदेच्या निवडणुकीत कंपनीने ओतलेला पैसाही होता. हे व्यवहार बेकायदा होते असं कोणी म्हटलं नव्हतं. पण शहराने किती दिलं आणि बदल्यात शहराच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न करदात्याच्या हक्काचा होता.

कंपनीचा बचाव पोकळ नव्हता. कर्जाची परतफेड रिसॉर्टच्या परिसरातून वाढलेल्या कराच्या उत्पन्नातूनच होते, कंपनी शहरातली सर्वांत मोठी करदाती आहे, हजारो लोकांना तिने रोजगार दिला आहे आणि मालिकेने ही बाजू झाकली, असं तिचं म्हणणं होतं. या प्रत्येक मुद्द्यावर वाद घालता आला असता. आकडे चुकले असते तर दुरुस्ती मागता आली असती, लेखाला लेखाने उत्तर देता आलं असतं. कंपनीने निवडला तो मार्ग यातला नव्हता. खासगी कंपनीने आपल्या प्रेस शोला कोणाला बोलवावं हा तिचा अधिकार आहे, असंही काहींनी म्हटलं. तो अधिकार मान्य करूनही कळीचा मुद्दा शिल्लक राहतो. नगर परिषदेबद्दलच्या बातमीची किंमत त्याच वृत्तपत्राच्या समीक्षकाकडून वसूल केली, तर प्रत्येक संपादकाला निरोप पोहोचतो की पार्कला हात लावाल तर सिनेमा गमवाल. ‘न्यूयॉर्क टाइम्स’सह इतरांनी बंदी उठेपर्यंत डिस्नेचे प्रेस शो न पाहण्याचं ठरवलं. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या समीक्षक-मंडळांनी, तसंच राष्ट्रीय समीक्षक-मंडळाने, डिस्नेचे चित्रपट आपल्या पुरस्कारांतून वगळण्याची घोषणा केली. ७ नोव्हेंबरला कंपनीने माघार घेतली. पुढच्याच वर्षी तिने शहराला पत्र लिहून वादातले दोन सवलतींचे करार स्वतःहून रद्द करायला सांगितले. मालिका निराधार असती, तर एवढं करायची गरज पडली नसती.

फ्लोरिडाची कथा याहून जुनी. १९६४-६५ मध्ये ऑरलँडोजवळची दलदल, गुरांची कुरणं आणि संत्र्यांच्या बागा कोणीतरी गुपचूप विकत घेत होतं. वेगवेगळ्या नावांच्या कागदी कंपन्यांमार्फत मिळून सुमारे २७ हजार एकर, म्हणजे जवळजवळ ११० चौरस किलोमीटर जमीन गोळा झाली. शहरात तर्कवितर्कांना ऊत आला होता. ‘ऑरलँडो सेंटिनेल’च्या एमिली बावर या पत्रकार डिस्नेलँडच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त कंपनीच्याच निमंत्रणावरून कॅलिफोर्नियाला गेल्या होत्या. त्यांनी वॉल्ट डिस्ने यांना थेटच विचारलं की फ्लोरिडातली जमीन तुम्हीच घेताय का. डिस्ने यांनी तो भाग आपल्याला का सोयीचा नाही, याची कारणं दिली. पण ती देताना तिथल्या पावसाची आणि पर्यटकांची इतकी बारीक माहिती त्यांच्या तोंडून आली, की बावर यांची खात्री पटली. ऑक्टोबर १९६५ मध्ये बातमी छापून आली, राज्यपालांनी दुजोरा दिला आणि उरलेल्या जमिनीचे भाव कडाडले. गुप्ततेच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. घेणारा डिस्ने आहे हे आधीच फुटलं असतं, तर दलालांनी भाव वाढवले असते आणि पार्क कदाचित झालंच नसतं. व्यापारात हे चालतं, हे खरंच. मात्र दोन वर्षं होत नाहीत तोच, १९६७ साली, राज्याच्या विधिमंडळाने याच जमिनीसाठी रीडी क्रीक नावाचा स्वतंत्र जिल्हा निर्माण केला. बांधकामाचे नियम, रस्ते, सांडपाणी, अग्निशमन दल हे सारं ज्या मंडळाच्या हाती गेलं, ते जमीनमालक म्हणून व्यवहारात कंपनीच निवडत होती. जो खरेदीदार पुढे सरकारच होऊन बसतो, त्याची ओळख लोकांना वेळेवर कळायला हवी होती. बावर यांचा प्रश्न म्हणूनच निव्वळ कुतूहलाचा नव्हता.

पत्रकारांनीही या कंपनीपासून नेहमीच अंतर राखलं असं नाही. पहिलं डिस्नेलँड उभंच राहिलं ते एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीच्या पैशावर. तिने पाच लाख डॉलर गुंतवले, ४५ लाखांच्या कर्जाची हमी घेतली आणि बदल्यात पार्कचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा व डिस्नेचा साप्ताहिक कार्यक्रम मिळवला. १७ जुलै १९५५ चं उद्घाटन त्याच वाहिनीने थेट दाखवलं. १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कच्या पंधराव्या वाढदिवसाला हजारो पत्रकार पाहुणचार घ्यायला गेले आणि त्यांच्याच व्यवसायातून त्यांच्यावर सडकून टीका झाली. पुढे १९९६ साली डिस्नेने एबीसीच विकत घेतली. दोनच वर्षांनी एबीसीच्या वृत्तविभागाने डिस्ने वर्ल्डमधल्या नोकरभरतीतल्या हलगर्जीपणावर तयार होत असलेला आपल्याच वार्ताहराचा वृत्तान्त बाजूला ठेवला. मालकीचा त्याच्याशी संबंध नाही, असं वाहिनीने सांगितलं. पण त्याच सुमारास डिस्नेचे मुख्याधिकारी मायकल आयस्नर एका मुलाखतीत म्हणाले होते की एबीसीने डिस्नेच्या बातम्या करूच नयेत, हे आपल्याला बरं वाटेल. मालकाने मनातलं असं जाहीर केल्यावर वेगळ्या हुकमाची गरज कोणाला पडते? आपल्याकडे ‘स्टार प्रवाह’ २०१९ पासून पाच वर्षांहून अधिक काळ याच कंपनीच्या छत्राखाली होतं, तेव्हा हा मालकीचा प्रश्न मराठी घरांपासून फार लांबचा नाही.

व्हर्जिनियात मात्र कंपनी हरली. मनासस या यादवी युद्धाच्या रणभूमीपासून जवळच अमेरिकी इतिहासावर आधारित पार्क काढण्याची योजना तिने १९९३ मध्ये जाहीर केली. डेव्हिड मॅक्‌कलो, जेम्स मॅकफर्सन यांच्यासारखे इतिहासकार विरोधात उभे राहिले, राजधानीतल्या वृत्तपत्रांनी वाद लावून धरला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये ती जागा सोडून द्यावी लागली. इतिहासकारांचा अभिजनी हेका, असं त्या विरोधाला म्हटलं गेलं. पण आक्षेपांत रहदारी होती, प्रदूषण होतं आणि राज्याने देऊ केलेले सोळा कोटींहून अधिक डॉलरही होते.

जिथे असा विरोध छापूनच येऊ शकत नाही, तिथे पार्कची भूक चित्रपटालाच वाकवते. १९९७ मध्ये डिस्नेने दलाई लामांच्या जीवनावरचा मार्टिन स्कॉर्सेसींचा ‘कुंदुन’ प्रदर्शित केला आणि चीन संतापला. पुढच्या वर्षी आयस्नर यांनी बीजिंगमध्ये पंतप्रधान झू रोंगजी यांची भेट घेऊन त्या चित्रपटाबद्दल माफी मागितली. त्याच भेटीत चीनमधल्या पार्कचा विषयही निघाला. शांघायचं पार्क २०१६ मध्ये उघडलं, त्यातला ५७ टक्के वाटा सरकारी कंपनीचा आहे. अ‍ॅनाहाइममध्ये जी कंपनी एका वृत्तमालिकेने दुखावली, तीच बीजिंगमध्ये स्वतःच्या कलाकृतीबद्दल दिलगिरी व्यक्त करून आली. दोन्हीकडे कारण जमीनच.

आणि मग २०२२ मध्ये फ्लोरिडात पारडं फिरलं. शाळांतल्या लैंगिकताविषयक शिक्षणावर बंधनं आणणाऱ्या कायद्यावर कंपनीने टीका केली, तेव्हा राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी थेट रीडी क्रीकवर घाव घातला. २०२३ मध्ये मंडळ राज्यपालांच्या नेमणुकीचं झालं. डिस्ने न्यायालयात गेली ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन. बोलल्याबद्दल सत्तेने शिक्षा करू नये, हे तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं. वृत्तपत्राला प्रेस शोतून हाकलणं आणि सरकारने सूड उगवणं कायद्याच्या दृष्टीने एक नाही, हेही खरं. पण ज्यावर पोट अवलंबून आहे ते हिरावून तोंड बंद करण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे. आणि स्वतःवर वेळ आल्यावर कंपनीलाही मोकळ्या चर्चेचाच आसरा घ्यावा लागला.

मे २०२५ मध्ये अबू धाबीतल्या यास बेटावर नव्या डिस्ने पार्कची घोषणा झाली. ते ‘मिरल’ ही तिथली कंपनी बांधणार आणि चालवणार. पैसाही तीच घालणार आणि डिस्नेला मिळणार स्वामित्वधन. नगर परिषदेत मतदान नाही, कर्जरोख्यांवर वाद नाही. जमीन कोणाची, बांधायला मजूर कुठून येणार, त्यांना काय मिळणार, हे विचारणारं स्वतंत्र वृत्तपत्र तिथे नाही. ही विचारणा आता बाहेरच्या पत्रकारांनाच करावी लागेल, आणि आखातात कष्टाला जाणाऱ्यांत भारतीय लाखोंनी असताना ती आपल्याकडूनही व्हायला हवी.