विश्लेषण : अमर नायकालाही आई का लागते? ‘टू युअर इटर्निटी’ ही मांगा मालिका काय सांगते?

अमर नायक म्हटला की अफाट ताकद, न संपणाऱ्या लढाया आणि शत्रूंचा नायनाट असे चित्र डोळ्यांसमोर येते. जपानी मांगाकार योशितोकी ओइमा यांच्या ‘टू युअर इटर्निटी’चा नायक मरत नाही हे खरे; पण सुरुवातीला त्याला बोलता येत नाही, जेवता येत नाही आणि दुःख म्हणजे काय हेही कळत नाही. हे सारे त्याला शिकवतात त्यांत एक चिमुरडी आणि एक म्हातारी आहे. दोघीही मर्त्य. मातृत्व आणि अमरत्व यांची ही सांगड कशी घातली आहे?

मालिका कधी सुरू झाली?

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ‘फुमेत्सु नो अनाता ए’ या मूळ नावाने ही मालिका कोदान्शा प्रकाशनाच्या ‘वीकली शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. ‘शोनेन’ मांगा प्रामुख्याने किशोरवयीन मुलांसाठी असतात, त्यामुळे तिथे मातृत्व हा विषय केंद्रस्थानी येणे लक्षणीय ठरते. कर्णबधिर मुलगी आणि शाळेत तिचा छळ करणारा मुलगा यांच्यावरील ‘अ सायलेंट व्हॉइस’मुळे ओइमा आधीच जगभर पोहोचल्या होत्या. ‘टू युअर इटर्निटी’ला २०१९ मध्ये शोनेन विभागातील कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला, तर २०२१ पासून ‘एनएचके’वर तिची अ‍ॅनिमे मालिका आली.

कथानक काय आहे?

एक अज्ञात शक्ती पृथ्वीवर एक गोळा सोडते. ज्याचा ठसा मनावर उमटेल त्याचे रूप हा गोळा घेऊ शकतो. आधी दगड, मग शेवाळ, मग बर्फात मेलेला लांडगा. त्या लांडग्याला पाळणारा एकाकी मुलगाही दगावतो, तेव्हा गोळा त्याचे रूप घेतो आणि चालू लागतो. वाटेत त्याला मार्च नावाची लहान मुलगी भेटते. तीच त्याचे नाव ‘फुशी’ ठेवते. जपानीत या शब्दाचा अर्थच ‘अमर’.

मार्च आई कशी ठरते?

मार्चला मोठे होऊन आई व्हायचे असते. मात्र, गावाच्या प्रथेनुसार एका अजस्र अस्वलापुढे बळी देण्यासाठी तिची निवड झालेली असते. म्हणजे तिला मोठेच होता येणार नाही. अशा मुलीच्या पदरी फुशी पडतो. ती त्याला भरवते, दटावते, शब्द शिकवते. पुढे थोरल्या बहिणीसारख्या पारोनाला वाचवताना ती बाण झेलते आणि मरते. फुशीला तिचे रूप मिळते ते त्यानंतरच. नात्याने ना रक्ताची, वयाने ना मोठी. तरीही त्याची पहिली आई तीच.

पिओरान या म्हातारीकडून तो भाषा आणि लिहिणे-वाचणे शिकतो. वार्धक्याने तिची स्मृती ढळू लागते, तेव्हा तिची देखभाल फुशी करतो. ज्यांनी वाढवले त्यांनाच जपण्याची वेळ येते, हा अनुभव देशोदेशीच्या घरांत ओळखीचा आहे. फरक एवढाच की, फुशीच्या वाट्याला तो पुन:पुन्हा येणार असतो.

अमर असूनही धोका कशाचा?

फुशीचे शरीर पुन्हा भरून येते. पण ‘नॉकर’ हे शत्रू त्याच्याजवळची रूपे हिरावून घेतात आणि रूपाबरोबर त्या माणसाची आठवणही जाते. त्याच्यासाठी विस्मरण हाच मृत्यू. म्हणून त्याची लढाई स्वतःच्या जिवासाठी नाही, तर ज्यांनी त्याला घडवले त्यांच्यासाठी आहे. पुढे सोबत्यांना परत आणण्याची क्षमता त्याला लाभते आणि प्रश्न आणखी अवघड होतो : गेलेल्यांना परत बोलावणे ही माया की स्वार्थ?

अमरत्व वर की शाप?

मराठीत मुलाच्या नावाआधी ‘चि.’ लिहितात. त्याने आपल्या मागे खूप काळ जगावे, ही थोरांची इच्छा त्यात असते. दुसरीकडे, कपाळावरची जखम घेऊन भटकणारा अश्वत्थामाही चिरंजीवच. एकाला मिळालेला आशीर्वाद, दुसऱ्याला भोवलेला शाप. फुशीच्या वाट्याला दोन्ही येतात. प्रत्येक नव्या माणसाबरोबर त्याचे दुःख वाढते. पण मार्चला आई व्हायचे होते, हे शेकडो वर्षांनी सांगू शकेल असाही तोच असतो. मालिकेत आया मरतात, त्यांनी शिकवलेले मात्र फुशीबरोबर पुढे चालत राहते.