हात जोडलेली घरे

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रे, घड्याळे आणि वेगवान रेल्वे येते. पण त्याच जपानमध्ये डोंगरदरीत लाकूड, गवत आणि दोर एवढ्याच सामानावर उभी राहिलेली शेतकऱ्यांची तीन-चार मजली घरे आहेत. गिफू प्रांतातील शिराकावा-गो आणि शेजारच्या तोयामा प्रांतातील गोकायामा या भागांत ती आढळतात. तेथील ओगीमाची, आइनोकुरा आणि सुगानुमा ही तीन गावे डिसेंबर 1995 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्या यादीत राजवाडे आहेत, किल्ले आहेत. त्यांच्या पंक्तीला कष्टकऱ्याचे घर जाऊन बसले, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते.

या बांधणीला 'गाश्शो-झुकुरी' म्हणतात. गाश्शो म्हणजे जोडलेले हात. वंदनेच्या वेळी आपण दोन्ही तळहात जुळवतो, तशी छपराची दोन पाखे वर जाऊन मिळतात. या भागात बौद्ध धम्माचा जोदो शिन्शू हा पंथ पूर्वीपासून रुजलेला आहे. नाव तेथील लोकांच्या तोंडी सहज आलेले दिसते.

छपराची करामत

हिवाळ्यात येथे माणूस बुडेल इतके बर्फ पडते. साध्या उताराच्या छपरावर ते साचले तर घर मोडून पडेल. म्हणून छपराचा उतार सुमारे 60 अंशांचा ठेवतात. बर्फ घसरून खाली येते, पावसाचे पाणीही मुरत नाही.

छपराच्या सांगाड्यात एकही खिळा नाही. वासे आणि आडवी लाकडे भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी व कोवळ्या ओल्या फांद्यांनी बांधतात. फांदी वाळली की गाठ आणखी आवळते. मोठ्या वाशांची खालची टोके निमुळती तासून तुळईवरच्या खळग्यात नुसती टेकवलेली असतात. वारा आला की छप्पर किंचित हलते, पण मोडत नाही. उतारावर बर्फाच्या भाराने बुंध्याशी वाकलेली झाडेही वाया जात नाहीत. त्यांच्या वाकड्या तुळया करून भार खांबांवर घेतात.

खाली जमिनीत चौकोनी चूल असते. तिचा धूर वर चढून गवत, दोर आणि लाकूड यांना कीड लागू देत नाही. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळत. चुलीची ऊब किड्यांना मिळे, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींतील खिडक्यांतून उजेड-वारा येई. जमिनीखाली खड्ड्यांत माती, गवत, किड्यांची विष्ठा आणि मूत्र कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करीत. एकाच छपराखाली घर आणि कारखाना!

शंभर हातांची शाकारणी

खालचा सांगाडा कसबी सुतार उभारीत. छप्पर मात्र गावकरी स्वतः बांधीत. गवत साधारण 30 ते 40 वर्षांनी बदलावे लागते. हे एका कुटुंबाचे काम नव्हे. शंभर-दोनशे माणसे जमतात आणि एक पाखे एक-दोन दिवसांत शाकारून होते. या देवाणघेवाणीला ते 'युई' म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांतील 'सावड' हीच. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे.

माळ्याखालची माणसे

परंतु वाचकहो, घराचे कौतुक करताना घरातल्या माणसांनाही विसरू नये. शिराकावाच्या काही वाड्यांत एका घरात वीस-तीस माणसे राहत. जमीन थोडी. तिचे तुकडे होऊ नयेत म्हणून रीतसर लग्न फक्त वारसाचे होई. धाकटे भाऊ आणि बहिणी जन्मभर त्याच घरात राबत. धाकट्याने रात्री बायकोच्या घरी जावे आणि सकाळी आपल्या घरच्या कामाला परतावे. मुले आईच्या घरी वाढत. छपराला शंभर हात लागले, पण घरावर हक्क एकाचाच. जुन्या व्यवस्थेचे वैभव पाहताना हा हिशेब मांडलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. लाकडाची कला जपावी. ती रीत गेली ते बरे झाले.

पुढे काय झाले?

जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडून जपानला आलेले वास्तुरचनाकार ब्रुनो टाउट यांनी 1935 मध्ये ही घरे पाहिली आणि त्यांच्या बांधणीतील तर्कशुद्धता जगापुढे मांडली. तरी रेशमाचा धंदा बसला, तरुण शहराकडे गेले. 1961 मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणात आसपासच्या वस्त्या बुडाल्या. तेव्हा 1971 मध्ये ओगीमाचीच्या लोकांनी संघटना करून ठरवले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. आगीपासून रक्षणासाठी त्यांनी गावभर पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत. दर वर्षी शरद ऋतूत त्यांची चाचणी होते.

सरकारने 1976 मध्ये या गावाला संरक्षण दिले. त्याच्या पाच वर्षे आधीच गावकरी एक झाले होते. आपल्या वस्तीतील विहार, वाचनालय किंवा जुनी चाळ यांच्या दुरुस्तीची कुणीतरी येऊन सोय करील म्हणून वाट पाहणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.