पहाटे हवामान केंद्राच्या स्क्रीनवर नुसत्या रेघा? नवा सेन्सर घेण्याआधी हे तपासा

रात्री तापमान किती उतरलं ते बघायला जावं आणि डिस्प्लेवर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दिसाव्यात. घरगुती वायरलेस हवामान केंद्र वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. नंदुरबार जिल्ह्यात ती जरा जास्तच बोचते. इथे शहादा-तळोद्याच्या सपाटीवर केळी-पपई, तर वर सातपुड्यात डाबसारख्या गावांत कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. पारा सर्वांत खाली जातो तो पहाटे, आणि सिग्नलही अनेकदा तेव्हाच तुटतो. गंमत म्हणजे डिस्प्लेवरचं ‘किमान तापमान’ हे मिळालेल्या नोंदींमधलंच किमान असतं. चार ते सहा सिग्नल नसेल तर यंत्र बिनदिक्कत तीनचा आकडा दाखवतं.

तुटलंय कुठे?

यात दुवे दोन. बाहेरचा सेन्सर रेडिओ लहरींनी घरातल्या डिस्प्लेला आकडे पाठवतो. डिस्प्ले ते वायफायवरून मोबाईल ॲपला देतो. डिस्प्लेवर आकडे आहेत पण ॲपवर नाहीत, तर सेन्सरचा काही दोष नाही. वीज गेल्यावर राऊटर बंद पडतो का, ते बघा. बहुतेक डिस्प्लेंना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, ५ गिगाहर्ट्झचं नाही, हेही लक्षात ठेवा.

डिस्प्लेवरच रेघा असतील तर सेन्सर काढून डिस्प्लेपासून तीन मीटरवर, पण उघड्यावरच, एक पूर्ण रात्र ठेवा. सिग्नल टिकला तर गडबड अंतराची किंवा अडथळ्याची. तिथेही तुटला तर आधी सेल.

पहाटेच का?

थंडीत सेलची ताकद कमी होते. सेन्सर आकडे पाठवतो त्या क्षणी त्याला एकदम जास्त करंट लागतो, तेवढ्यात व्होल्टेज खाली येतं आणि संदेश निघतच नाही. ऊन पडलं की सगळं पुन्हा सुरू. त्यामुळे ‘आपोआप तुटतं, आपोआप जुळतं’ असं वाटतं. साधे स्वस्त सेल इथे लवकर हरतात, अल्कलाइन बरे. रिचार्जेबल सेल १.५ नव्हे, १.२ व्होल्टचे असतात, म्हणून अनेक सेन्सरांना ते चालत नाहीत. माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर १.५ व्होल्टचे लिथियम सेल थंडीत सर्वांत टिकाऊ. सोलर पॅनल असेल तर त्यावरची धूळ आधी पुसा.

खोक्यावरचे १०० मीटर

हा आकडा मोकळ्या मैदानातला. अंतर दुप्पट झालं की पोहोचणारी ताकद एक चतुर्थांश उरते, तीही मध्ये काही नसेल तर. पत्र्याचं छप्पर किंवा पत्र्याची भिंत सर्वांत वाईट. त्यानंतर लोखंडी सळयांचा स्लॅब.

आणि केळीची बाग! लागवडीच्या वेळी लावलेला सेन्सर काही महिने छान चालतो. मग झाडं माणसाच्या डोक्यावर जातात, पानांत आणि खोडांत पाणीच पाणी, आणि पाणी या लहरी शोषतं. पाऊस पडून गेल्यावरच सिग्नल जात असेल तर संशय बागेवर घ्या. डिस्प्ले बागेच्या बाजूच्या खिडकीत, शक्य तितका उंच ठेवा.

राऊटर, टीव्ही, इन्व्हर्टर आणि स्वस्त एलईडी दिव्यांपासून तो दीड-दोन मीटर लांब असावा. जागा अर्धा मीटर सरकवूनही फरक पडतो. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ७० सेंटिमीटर असते आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी एखाद्या जागी मूळ लहरीलाच मारतात. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हा धडा कंटाळवाणा वाटतो, घरात मात्र लगेच पटतो.

सिग्नलसाठी तापमानाचा सेन्सर तापणाऱ्या पत्र्यावर बसवू नका. सिग्नल पूर्ण येईल, पण आकडा पत्र्याचा असेल. जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, सावली देणाऱ्या जाळीदार खोक्यातच तो हवा.

पावसाचं काय?

इथे थोडा दिलासा आहे. अनेक मॉडेलांत पर्जन्यमापक एकूण बेरीज पाठवतो, त्यामुळे सिग्नल तासभर गेला तरी परत आल्यावर पाऊस मोजणीत येतो. पण मध्येच सेल काढले तर बेरीज शून्यावर जाऊ शकते. म्हणून सेल बदलायचे ते कोरड्या दिवशी.

विम्याला ही नोंद चालेल?

नाही. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळासाठी ठरवलेल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यांवर ठरते. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली. घरच्या केंद्राचा उपयोग त्या रात्रीच्या निर्णयाला: केळीला पाणी सोडायचं का, बागेत धूर करायचा का.

नवीन केंद्र घेणार असाल तर ४३३ मेगाहर्ट्झचं मागा, कमी क्षमतेच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात परवानामुक्त आहे. अमेरिकेतून कोणी आणून दिलेलं ९१५ मेगाहर्ट्झचं मॉडेल इथे त्या सवलतीत बसत नाही.